लिबरेटर : बंगालपासून लोहगावपर्यंत

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे चार इंजिनांचं एक बोजड, चपट्या पोटाचं बॉम्बर विमान आहे. युद्धकाळातला त्याचा क्रमांक केएन ७५१. १९४५ साली ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे असताना ते हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरून उडत होतं. म्युझियमला ते मिळालं १९७४ मध्ये, आणि तेही भारताकडून. मधली वर्षं ते भारतीय हवाई दलात एचई ८०७ या क्रमांकाने नोकरी करत होतं. ज्या विमानांचे ताफेच्या ताफे ब्रिटिशांनी युद्धात उडवले, त्यातलं एक धड विमान जतन करायचं म्हटल्यावर त्यांना आपल्याकडे मागावं लागलं. असं का झालं, ते समजून घ्यायचं तर आधी या विमानाचं युद्ध पाहायला हवं. आणि ते युद्ध बरंचसं आपल्याच भूमीवरून लढलं गेलं.

विमानाचं नाव लिबरेटर. अमेरिकन लष्करी भाषेत बी-२४. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांची नावं विचारली तर माहीतगार माणूस ब्रिटिशांचं लँकेस्टर सांगतो, अमेरिकेचं फ्लाइंग फोर्ट्रेस सांगतो आणि शेवटी अणुबॉम्ब टाकणारं सुपरफोर्ट्रेस. लिबरेटर बहुतेकांना आठवत नाही. पण संख्येत या तिघांनाही त्याने मागे टाकलं आहे. १८ हजारांहून जास्त लिबरेटर बांधली गेली. इतकं मोठं बॉम्बर एवढ्या संख्येने आजवर दुसरं कुठलंच बनलेलं नाही. मिशिगनमधल्या विलो रन इथे फोर्ड कंपनीने मोटारी जुळवायच्या पद्धतीने त्याचा कारखाना चालवला आणि १९४४ मध्ये तिथून सुमारे तासाला एक या वेगाने विमानं बाहेर पडत होती. तरी प्रसिद्धी गेली फोर्ट्रेसकडे. ते दिसायला देखणं होतं, इंग्लंडच्या तळांवर वार्ताहरांच्या नजरेसमोर होतं, आणि मार खाऊनही परत येण्याबद्दल त्याचा लौकिक होता. लिबरेटरच्या वाट्याला आली ती लांबची, एकाकी, छायाचित्रकार न पोचणारी कामं.

सॅन डिएगोच्या कन्सॉलिडेटेड कंपनीने हे विमान झपाट्याने उभं केलं. पहिलं उड्डाण २९ डिसेंबर १९३९ ला झालं. त्याचं सगळं वेगळेपण पंखात होतं. डेव्हिड डेव्हिस नावाच्या एका स्वतंत्र संशोधकाने पंखाचा एक आकार कंपनीकडे आणला होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वातबोगद्यात त्याची चाचणी घेतली तेव्हा आकडे इतके चांगले आले की चाचणी घेणाऱ्यांनाच ते खरे वाटेनात. हा पंख लांब आणि अरुंद होता. टोकापासून टोकापर्यंत साडेतेहतीस मीटर, आणि रुंदी त्या मानाने फारच कमी.

अरुंद पंखाने काय साधतं? पंखाच्या खालच्या हवेचा दाब वरच्या हवेपेक्षा जास्त असतो, म्हणून विमान उचललं जातं. पण टोकाशी खालची हवा वळसा घालून वर निसटते आणि तिथे भोवरे तयार होतात. हे भोवरे फिरते ठेवायला लागणारी शक्ती इंजिनाकडूनच वसूल होते, म्हणजे पेट्रोलमधून. पंख जितका लांब आणि अरुंद, तितका हा तोटा कमी. हे गणित जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच मांडून ठेवलं होतं. (याच प्रांट्लच्या हाताखाली १९३० च्या दशकात एका मराठी माणसाने डॉक्टरेट मिळवली. डॉ. वि. मा. घाटगे. त्यांचं नाव पुढे येणार आहे.) डेव्हिसच्या पंखामुळे लिबरेटरला फोर्ट्रेसपेक्षा जास्त ओझं घेऊन जास्त लांब जाता येऊ लागलं. फुकट काहीच मिळत नाही. हा पंख घाव सोसण्यात कच्चा होता आणि जड विमान खूप उंचीवर नेलं की वैमानिकाला ते सरळ रेषेत ठेवताना घाम फुटायचा.

पल्ला हाच लिबरेटरचा खरा गुण, आणि त्याची नेमणूकही त्यानुसार झाली. अटलांटिकच्या मध्यभागी असा एक पट्टा होता, जिथे कुठल्याच किनाऱ्यावरचं विमान पोचत नसे आणि जर्मन पाणबुड्या तिथे मालवाहू जहाजांची शिकार करत. १९४३ मध्ये जादा टाक्या बसवलेल्या लिबरेटरांनी ती फट बुजवली. युद्धाचं पारडं फिरवण्यात या कामाचा वाटा कुठल्याही शहरावरच्या बॉम्बहल्ल्यापेक्षा मोठा होता, असं माझं मत आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टला लिबियातल्या बेंगाझी भागातून पावणेदोनशेच्या वर लिबरेटर रुमानियातल्या प्लोएश्टीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर झाडांच्या उंचीने गेली, आणि त्यातली पन्नासाहून अधिक गमावली. युरोपातली ही कहाणी पुष्कळदा सांगून झाली आहे. आपल्याला पूर्वेकडे वळायचं आहे.

१९४२ च्या पूर्वार्धात ब्रह्मदेश पडला, अंदमान जपान्यांच्या ताब्यात गेलं. आता जपानी सैन्याची रसद सयाममधून रेल्वेने, रंगूनच्या बंदरातून आणि मलायाच्या किनाऱ्याने येत होती. ती तोडायची तर तळ बंगालमध्येच हवे होते. मेदिनीपूर जिल्ह्यात सालबनी, दिग्री. नदिया जिल्ह्यात धुबुलिया. पश्चिमेला कोळशाच्या पट्ट्यात अमेरिकनांचं पांडवेश्वर. भाताच्या शेतांतून आणि साल वृक्षांच्या जंगलातून मोठमोठ्या धावपट्ट्या काढल्या गेल्या. इथे थोडं थांबावंसं वाटतं. याच मेदिनीपूरला ऑक्टोबर १९४२ मध्ये चक्रीवादळाने झोडपलं होतं, याच जिल्ह्यात तामलुकला छोडो भारत आंदोलनाचं प्रतिसरकार चालू होतं, आणि १९४३ च्या दुष्काळात याच भागात माणसं रस्त्यावर मेली. लिबरेटरच्या पोटात पेट्रोल आणि बॉम्ब भरले जात होते तेव्हा तळाच्या कुंपणाबाहेर भात नव्हता. युद्धाच्या इतिहासात हे दोन भाग बहुधा वेगवेगळ्या पुस्तकांत असतात. सालबनीला आज रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापण्याचा कारखाना आहे. वाचकांच्या खिशातल्या एखाद्या नोटेचा प्रवास तिथून सुरू झालेला असू शकतो.

लंडन ते बर्लिन हे अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर. दिग्रीहून रंगूनच साडेअकराशे किलोमीटर, आणि बँकॉक सतराशेच्या घरात. वाटेत उपसागर, मग आराकानचे डोंगर, मग शत्रूच्या ताब्यातलं जंगल. एवढ्या लांब जायचं तर पोटात बॉम्बऐवजी पेट्रोलच जास्त भरावं लागे. हजार मैलांच्या म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या पल्ल्यावर एक विमान सुरुवातीला जेमतेम तीन हजार पौंड, म्हणजे साडेतेराशे किलोच्या आसपास बॉम्ब नेत असे. हे चित्र बदललं १५९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी. त्यांनी कुठलं नवं यंत्र आणलं नाही. इंजिनांचे फेरे किती ठेवायचे, हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पातळ करायचं, कुठल्या उंचीवर किती वेगाने जायचं, यांचे प्रयोग करून त्यांनी उधळपट्टी शोधून काढली. तेवढ्याच पल्ल्यावर आता आठ हजार पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक बॉम्ब जाऊ लागले. एका विमानाने दोन-तीन विमानांचं काम करावं, असा हा हिशेब होता.

या हिशेबाची कसोटी ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस लागली. मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पेनांग हे जपानी आणि जर्मन पाणबुड्यांचं आश्रयस्थान झालं होतं. त्याच्या तोंडाशी सुरुंग पेरायचे होते. जाऊन-येऊन अंतर तीन हजार मैल, जवळपास ४,८०० किलोमीटर. १५९ स्क्वाड्रनची पंधरा लिबरेटर गेली, रात्रीच्या अंधारात कमी उंचीवरून नेमून दिलेल्या जागी सुरुंग सोडले, आणि सगळीच्या सगळी परत आली. त्या काळी सुरुंग पेरण्यासाठी इतकं लांबचं उड्डाण कुणी केलेलं नव्हतं.

आकाशात अठरा-अठरा तास काढणं म्हणजे काय, याची कल्पना यायला विमानाच्या आत शिरायला हवं. लिबरेटरचं पोट उंच आणि चौकोनी. बॉम्बच्या कप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत बाजूने वर सरकायची. उघडल्यावर हवेत आडवी येत नसत, त्यामुळे वेग घटत नसे. पण ती इतकी हलकी होती की वर माणूस पडला तर त्याला घेऊनच उघडतील. कप्प्याच्या मधोमध पुढून मागे जायला नऊ इंच, म्हणजे एक वीतभर रुंदीची पट्टी. दोन्ही बाजूंना टांगलेले बॉम्ब, खाली शटर, शटरखाली हजारो फूट हवा. पॅराशूट अंगावर बांधून त्या पट्टीवरून जाणं जवळजवळ अशक्य. पेट्रोलचे सांधे झिरपायची या विमानाला खोडच होती. आत वास भरला की वैमानिक बॉम्बची दारं थोडी किलकिली ठेवून वारा खेळवत.

पूर्वेकडच्या ब्रिटिश लिबरेटरांवर साधारण आठ माणसं असत. वैमानिक आणि सहवैमानिक, दिशादर्शक म्हणजे नॅव्हिगेटर, नाकाशी बसणारा बॉम्ब एमर, फ्लाइट इंजिनिअर, वायरलेस ऑपरेटर आणि गनर. एकेक माणूस दोन कामं सांभाळे. ब्रिटनचा, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा, न्यूझीलंडचा असे एकाच विमानात चार देशांचे तरुण असणं नवलाचं नव्हतं, आणि बहुतेकांचं वय विशीच्या आसपास. युरोपात गनरला रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. इथे जपानी लढाऊ विमानं कमी होत गेली तसा कामाचा सगळा भार नॅव्हिगेटरवर आला. रात्री उपसागरावर खाली एकही दिवा नाही. तारे दिसले तर सेक्स्टंटने स्थान काढायचं, ढग आले तर वाऱ्याचा अंदाज. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी पाच-सहा तासांनी विमान शंभर किलोमीटर भलतीकडे निघे, आणि पेट्रोल तर मोजून मापून घेतलेलं.

पावसाळा ही आणखी वेगळी गोष्ट. मोसमी ढगांचे मनोरे लिबरेटरच्या कमाल उंचीच्या वर जातात. त्यांच्या पोटात वरखाली जाणारे झोत इतके दांडगे असतात की तीस टनांचं विमान हजारो फूट फेकलं जाऊ शकतं. विमानं शत्रूच्या गोळ्यांनी पडली तशी ढगांतही हरवली. त्यांच्या नोंदीपुढे फक्त एवढंच असतं की ते परतलं नाही. आणि पाण्यावर उतरायची वेळ आली तर लिबरेटरसारखं वाईट विमान नाही. ती शटरची दारं पाण्याच्या पहिल्याच तडाख्याने फुटत, आणि धड मधोमध दुभंगे.

त्या मोहिमेतलं सर्वांत चिवट लक्ष्य म्हणजे पूल. युद्धकैद्यांच्या आणि आशियाई मजुरांच्या हाडांवर उभारलेली सयाम-ब्रह्मदेश रेल्वे शेकडो पुलांवरून जात होती. उंचावरून पाहिलं तर पूल ही एक बारीक रेघ. बॉम्ब पडला की पुढे किंवा मागे गेला तरी चालतो, रुळांवरच कुठेतरी पडेल. पण डावी-उजवीकडे दहा मीटर सरकला की नदीत. पांडवेश्वरच्या अमेरिकन सातव्या बॉम्बार्डमेंट ग्रुपने यावर १९४४ च्या डिसेंबरात एक नवं हत्यार आणलं. नाव ॲझॉन. साध्या हजार पौंडी बॉम्बला हलती शेपटी आणि रेडिओ बसवलेला. शेपटीतल्या ज्वाळेवर नजर ठेवून बॉम्ब एमर त्याला खाली जाताना डावीकडे किंवा उजवीकडे वळवू शके, पुढे-मागे नाही. पुलासाठी नेमकं तेवढंच हवं होतं. आज ज्याला दिशा देता येणारा बॉम्ब म्हणतात, त्याच्या पहिल्या यशस्वी वापरांपैकी एक ब्रह्मदेशातल्या नद्यांवर झाला. ब्रिटिश लिबरेटर मात्र जुन्याच पद्धतीने, खाली उतरून पुलाच्या रेषेत उडत बॉम्ब टाकत. पूल पडे, जपानी अभियंते काही दिवसांत तो पुन्हा उभा करत, विमानं पुन्हा जात. रेल्वेच्या कडेच्या छावण्यांतले कैदी आपल्याच बाजूच्या बॉम्बखाली मेले, हीही त्या मोहिमेची एक नोंद आहे.

विमान पडलं तर काय? प्रत्येकाजवळ एक कापडी चिठ्ठी असे. बर्मी, बंगाली, थाई अशा कितीतरी भाषांत तिच्यावर छापलेलं असे की या माणसाला मदत करा, बक्षीस मिळेल. ती चिठ्ठी कुणाच्या हाती पडेल यावर सगळं अवलंबून. ३१ जानेवारी १९४५ ला १५९ स्क्वाड्रनचं बीझेड ९३८ हे लिबरेटर ब्रह्मदेशाच्या जंगलात कोसळलं. ते साधं बॉम्बर नव्हतं. जपानी रडारचा माग काढणारी उपकरणं त्यावर होती. वाचलेले सहा जण पकडले गेले. सर्वांचा छळ झाला. दोन अधिकाऱ्यांना वेगळं काढलं गेलं. उरलेल्या चार सार्जंटांना ७ फेब्रुवारीला जंगलात नेऊन त्यांचा शिरच्छेद केला. त्यांतला वायरलेस ऑपरेटर फ्लाइट सार्जंट स्टॅन्ली जेम्स वुडब्रिज याच्यावर जपान्यांचा जास्त रोख होता, कारण संकेत, वारंवारिता, यंत्रांची माहिती त्याच्या डोक्यात होती. बाकीच्या तिघांना मारल्यावरही त्याला मारहाण करून विचारलं जात होतं. तो बोलला नाही. युद्धानंतर या हत्यांचा खटला चालला, आणि त्यातल्याच साक्षींतून ही हकीकत बाहेर आली. १९४८ मध्ये वुडब्रिजला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. त्याची कबर रंगूनच्या युद्धस्मशानात आहे.

जिवंत पकडलेल्या वैमानिकांना रंगूनच्या तुरुंगात साध्या युद्धकैद्यांसारखं वागवत नसत. त्यांना गुन्हेगार ठरवून एकांतकोठड्यांत ठेवलं जाई, अन्न आणि औषध आणखी कमी. एप्रिल १९४५ च्या अखेरीस जपानी रंगून सोडून गेले तेव्हा मागे राहिलेल्या कैद्यांनी तुरुंगाच्या छपरावर मोठ्या अक्षरांत ‘जपानी गेले’ असं रंगवलं. वरून येणारी विमानं आपलीच होती, आणि त्यांचे बॉम्बही.

रंगूनच्या पाडावानंतर युद्ध दक्षिणेला सरकलं आणि बंगालहून पल्ला अपुरा पडू लागला. तेव्हा १९४५ च्या मध्यावर ९९ आणि ३५६ या स्क्वाड्रन कोकोस बेटांवर गेल्या. नारळाची झाडं तोडून, प्रवाळावर लोखंडी जाळ्या अंथरून तिथे धावपट्टी केली होती. केएन ७५१ तिथलंच. पण ही मंडळी पोचून स्थिरावतात न स्थिरावतात तोच १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. मग याच बॉम्बरांच्या पोटातून आधी पत्रकं आणि मग अन्न-औषधांचे गठ्ठे पडू लागले. मलाया, सुमात्रा, सिंगापूरच्या छावण्यांत हजारो कैदी अर्धमेले पडून होते. मला या सबंध कहाणीत लिबरेटरने केलेलं हे सर्वांत चांगलं काम वाटतं. त्यातही जीव गेले. शरणागतीनंतर आठ दिवसांनी, २३ ऑगस्टला, ३५६ स्क्वाड्रनचं केएल ६५४ मलायातल्या जंगलात लढणाऱ्या गुप्त तुकड्यांना रसद टाकायला गेलं आणि नेगेरी सेंबिलानच्या डोंगरावर आदळलं. आठही जण गेले. जंगलाने ते अवशेष कित्येक दशकं झाकून ठेवले. २०१२ साली, सदुसष्ट वर्षांनी, त्यांचं लष्करी इतमामाने क्वालालंपूरच्या चेरास रोड दफनभूमीत दफन झालं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे, आणि त्यासाठी कानपूरला. ही विमानं ब्रिटिशांनी विकत घेतलेली नव्हती. अमेरिकेच्या लेंड-लीज कायद्याखाली ती उसनी होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची, पैसे मोजायचे, नाहीतर नष्ट करायची. अमेरिकेला आपलीच हजारो विमानं वितळवायची होती. परत कोण घेणार? ब्रिटनकडे पैसे नव्हते. म्हणून भारतातली लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर रांगेने उभी केली आणि ती पुन्हा उडू नयेत अशी व्यवस्था केली गेली. इंजिनांत वाळू ओतली, यंत्रं घणांनी फोडली, धडांना भोकं पाडली, असं सांगितलं जातं. मग ती ऊन-पावसात सोडून दिली.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बर नव्हतं. डाकोटा या मालवाहू विमानाच्या उघड्या दारातून माणसं हातांनी बॉम्ब ढकलत होती. धाडस मोठं होतं, पण ही काही युद्धाची पद्धत नव्हे. नवी बॉम्बर घ्यायला ना पैसे, ना वेळ. तेव्हा चकेरीचं भंगार आठवलं. ते दुरुस्त होणं शक्य नाही असा परदेशी जाणकारांचा अभिप्राय होता. काम आलं बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे, आजच्या एचएएलकडे.

या कारखान्याला ते का जमलं, याचं उत्तर चमत्कारात नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने १९४० च्या डिसेंबरात हा कारखाना उभा केला. युद्धाच्या धामधुमीत सरकारने तो आपल्याकडे घेतला आणि १९४३ मध्ये चालवायला अमेरिकन हवाई दलाकडे दिला. पुढची दोन वर्षं तिथल्या भारतीय कारागिरांनी अमेरिकन विमानं आणि इंजिनं खोलून जोडली. चकेरीत लिबरेटरचं इंजिन त्यांनी पाहिलं तेव्हा ते त्यांना अनोळखी नव्हतं. एका विमानाची शेपटी, दुसऱ्याचा पंख, तिसऱ्याची चाकं असं करत त्यांनी एकेक विमान बंगळुरूपर्यंतच्या एका उड्डाणापुरतं तयार केलं. ते उड्डाण करायचे कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी. पुरती यंत्रं नाहीत, भरवशाचं इंजिन नाही, आणि अंतर दीड हजार किलोमीटरचं. बंगळुरूला पोचल्यावर खरी दुरुस्ती सुरू होई. अशी ४२ विमानं उभी राहिली. हेच मुन्शी पुढे ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ या पहिल्या भारतीय प्रशिक्षण विमानाचं पहिलं उड्डाण करणार होते. आणि त्याचा आराखडा होता प्रांट्लचे शिष्य डॉ. घाटगे यांचा.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरांवर उभी राहिली. स्वतंत्र भारताची पहिली जड बॉम्बर तुकडी. १९५७ मध्ये तिला जेट कॅनबेरा मिळाली. पण १९५१ पासून सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनने लिबरेटर समुद्रावर नेलं, टेहळणीसाठी. पुण्याचा लोहगाव तळ हे तिचं घर. सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रावर तासन्‌तास गस्त घालायची, जहाजं पाहायची, परत यायचं. डेव्हिसचा तो अरुंद पंख पुन्हा एकदा ज्या कामासाठी जन्मला होता त्याच कामाला लागला. जगातल्या बाकी हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढलं होतं, तेव्हा आपण ते १९६८ पर्यंत वापरलं. लष्करी सेवेतून ते सर्वांत शेवटी निवृत्त झालं ते भारतात.

मग जगभरच्या संग्रहालयांना जाग आली. एक विमान कॅनडाला गेलं आणि बदल्यात आपल्याला लायसँडर मिळालं. दिल्लीच्या पालमच्या हवाई दल संग्रहालयात ते आहे. एक १९६९ मध्ये भारतातून उडत ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात पोचलं. एक ब्रिटनला. केएच १९१ हे तेरा वर्षं पडून राहिल्यावर १९८० च्या दशकात सुटं करून मालवाहू विमानाने इंग्लंडला, आणि तिथून अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं. १९८९ पासून ते पुन्हा आकाशात दिसू लागलं आणि त्यात बसून म्हाताऱ्या अमेरिकन सैनिकांनी डोळे पुसले. १८ हजारांतून उरलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लिबरेटरांत भारतातून गेलेल्यांचा वाटा असा आहे. आपल्यासाठी ठेवलेलं एक पालमलाच उभं आहे, क्रमांक एचई ९२४. ते सहसा न थांबता ओलांडलं जातं.

परदेशातल्या या प्रत्येक विमानावर तिथल्या उत्साही मंडळींनी पुस्तकं लिहिली, कोण कुठल्या जागी बसत होतं याच्या याद्या केल्या. आपल्याकडे ती विमानं वीस वर्षं उडती ठेवणारे फिटर, रिगर, रेडिओ मेकॅनिक यांच्यातले कितीतरी पुण्या-बंगळुरूतच निवृत्त झाले, आणि त्यांच्याबद्दल छापलेलं फार थोडं सापडतं. लोहगावच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये किंवा त्या काळच्या एचएएलमध्ये तुमच्या घरचं कुणी असेल, तर त्यांच्याशी बोला, जे आठवतं ते लिहून घ्या. ट्रंकेत एखादं लॉगबुक, एखादा फोटो असेल तर त्यामागे नावं आणि सालं घाला आणि त्याची एक प्रत हवाई दल संग्रहालयाकडे पाठवा.